फाटकातली गाय

गायीबद्दलची पहिली तक्रार आली तेव्हा आमचे हे दाढी करत होते, म्हणून ती मीच वाचून दाखवली. "फाटक उघडं असूनही गाय बाहेर जात नाही."

"ढकला म्हणावं," हे आरशातून म्हणाले.

"ढकलून बघितलंय त्यांनी. ढकललं की पाय रोवते आणि मान वळवून आत बघते, असं लिहिलंय."

गाय आमची नव्हती. आमच्याकडे गाय सोडाच, कुंडीतलं रोपसुद्धा टिकत नाही. ही गाय एका कॉम्प्युटर गेममधली. त्या गेममध्ये खेळणाऱ्याला एक शेत मिळतं, गोठा मिळतो, जनावरं मिळतात, आणि दिवसभर ऑफिसात राबून आलेली माणसं मग विरंगुळा म्हणून तिथे शेण उचलतात. गेममधली झाडं, घरं, ऊन-पाऊस हे सगळं दुसऱ्या कुणाकुणाचं. जनावरांनी वागायचं कसं, एवढं ठरवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे होतं.

आधीची कंपनी बंद पडल्यापासून हे घरी होते. पन्नाशीतल्या माणसाला कुणी नव्याने कामावर घेत नाही. मुलाखतीला बोलावतात, आदराने पाणी देतात आणि आदरानेच लिफ्टपर्यंत सोडायला येतात. त्या दिवसांत हे खिडकीशी बसून असायचे. काही बघायचे म्हणावं तर समोर नुसतं पार्किंग. मी केर काढायला गेले की पाय वर घ्यायचे, आणि मी पुढे सरकले तरी पाय आपले वरच. मग हे काम मिळालं. तेही तात्पुरतं, जमलं तर पुढे बघू अशा बोलीवर. पण पहिल्याच दिवशी ह्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि जेवणाच्या टेबलाशी ऑफिसला गेले. तेव्हापासून जनावरांनी काय वाटेल तो घोळ घालावा, पण हे काम टिकावं, एवढंच माझं म्हणणं होतं. तो पाय वर धरून बसलेला माणूस मला परत नको होता.

घोळ मात्र ढीगभर होते. बोकड कामाच्या वेळी भिंतीतून आरपार निघून जायचा आणि चारा पडला रे पडला की त्याच भिंतीतून हजर. कुत्रा चोरांपुढे शेपूट हलवायचा आणि मालकावर दिवसभर भुंकायचा. मालक उशिरा उठला म्हणून, लवकर उठला म्हणून, बूट तिथे का काढले म्हणून. एका कोंबडीने अंडं दिलं की बाकीच्या सगळ्या बघायला यायच्या, गोल करून उभ्या राहायच्या आणि अंडं कुणाच्या वळणावर गेलंय ते ठरल्याशिवाय जणू हलायच्याच नाहीत. तोवर अंडं सडायचं.

बैलाबद्दल मात्र एकही तक्रार नव्हती. बैल बसलेला असायचा.

मला हे सगळं ठाऊक, कारण मी ते रोज खेळून बघायचे. मुलगी शिकायला बाहेर गेली तेव्हा तिच्या खोलीत गेम खेळायचा एक जुना कंट्रोलर राहिला. आधी मी तो नुसता पुसून ठेवायचे. एकदा पुसता पुसता बटण दाबलं गेलं, आणि मग दाबतच गेलं. आता मी भात शिजेपर्यंत एखादं छोटं राज्य जिंकू शकते. ह्याला कंपनीत टेस्टिंग म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. घरी ह्याला "जरा बघ ना गं" म्हणतात.

ह्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या बाईंना मी तारीखबाई म्हणायचे, कारण त्या स्क्रीनवर आल्या की हातात एक तारीख असायचीच. गायीची तक्रार आली त्याच दुपारी त्या उगवल्या.

"बोकड राहू दे," त्या म्हणाल्या. "मार्केटिंगवाल्यांना आवडलाय. त्याला म्हणे स्वतःचं व्यक्तिमत्त्व आहे."

"थँक यू, मॅडम."

"गायीचं काय ते सांगा. ती चरायला गेली नाही तर दूध नाही, आणि दूध नाही तर गेम पुढे सरकतच नाही. शुक्रवारी पैसा घालणारी मंडळी बघायला येताहेत. त्यांच्यासमोर ही बया दारात उभी राहिली, तर मी गाय काढून मशीन बसवणार."

"मशीन?"

"बटण दाबलं की दूध. मशीन रुसत नाही. आणि एकदा मशीन बसलं की जनावरांसाठी वेगळा माणूस कशाला, हे वरचे विचारणार. आधीच सांगतेय, नंतर मला बोल लावू नका."

"नाही मॅडम. शुक्रवारी गाय बाहेर."

"बाय द वे, तुम्ही जनावरांचा अभ्यास करता कुठे? एखाद्या फार्मवर जाता का?"

"निरीक्षण," हे घसा खाकरून म्हणाले. "माझी सगळी पद्धतच निरीक्षणाची आहे. जे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं नाही, ते मी लिहीतच नाही."

मी शेजारी टेबल पुसत होते. माझा हात जागीच थांबला. आमच्या ह्यांनी गाय बघितलीय ती दुधाच्या पिशवीवर. समोरून कुत्रा आला तर हे रस्त्याच्या पलीकडे जातात. मांजर आलं तर मला पुढे करतात.

तर ह्यांनी गायीला बाहेर काढायची मोहीम सुरू केली. आधी फाटक रुंद केलं. गाय रुंद फाटकात उभी राहिली. मग बाहेरचं गवत इतकं हिरवं केलं की डोळे दुखायला लागले. गायीने गवताकडे बघितलं, एक उसासा टाकला आणि पुन्हा आत बघितलं. मग ह्यांनी बाहेर सावली केली, पाणी खेळवलं, बासरी वाजवली. शेवटी वैतागून गोठ्याच्या भिंतीच काढून टाकल्या. छप्पर गेलं, फाटक गेलं, खांब गेले, चहूकडे मोकळं रान. आणि त्या रानाच्या मधोमध, जिथे पूर्वी फाटक होतं बरोब्बर तिथे, गाय उभी. अर्धी आत, अर्धी बाहेर. कशाच्या आत आणि कशाच्या बाहेर, ते फक्त तिलाच ठाऊक.

"हिला नक्की पाहिजे तरी काय!" ह्यांनी लॅपटॉपसमोर हात जोडले.

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं, पण तेव्हा ते गायीला उद्देशून नव्हतं. मी कंट्रोलर घेतला, गोठा पूर्ववत करून घेतला आणि गायीला ढकलायचं सोडून तिच्या मागे मागे फिरले.

गाय रिकामी उभी नव्हती, दोन कामांच्या मधे उभी होती. मधूनच आत यायची, कोंबड्यांचे दाणे संपलेत का ते बघायची, कुत्र्याच्या भांड्यात डोकावायची, आणि मग बैलाकडे जायची. बैलाचा चारा त्याच्यापासून हातभर लांब पडलेला. ती तो नाकाने ढकलत ढकलत त्याच्या तोंडापर्यंत न्यायची. बैल दोन घास खायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. गाय पुन्हा फाटकात जाऊन मान वळवून उभी. त्याचं झालं की जाऊ, असा एकंदर बेत. त्याचं कधी होतच नव्हतं.

मी माझ्या हाताने बैलाला सगळा चारा भरवला. शेवटचा घास गेला आणि गायीने, देवाशपथ, एक पाय बाहेर टाकला. तेवढ्यात बैल हंबरला. भुकेचं हंबरणं नव्हे, दुखण्याचंही नव्हे. एखादी वस्तू डोळ्यांसमोर असून सापडत नसली की माणूस जसा आवाज काढतो, तसं. गायीने पाय आत घेतला.

"अहो, जरा इकडे या."

"सापडलं?" हे धावत आले.

"बोकड म्हणजे धाकटे भाऊजी ना?"

ह्यांनी शर्टाची बाही नीट केली.

"काम निघालं की भिंतीतून आरपार, ताटं मांडली की हजर. मागच्या रविवारी कपाट हलवायचं होतं तेव्हा आठवतंय का?"

"अगदी तोच असं नाही म्हणता येणार. प्रेरणा म्हण फार तर."

"कोंबड्या तुमच्या मावश्या."

"एकत्रित परिणाम आहे तो."

"आणि कुत्रा?"

ह्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं, जिथे सासूबाई दुपारच्या पडल्या होत्या, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बरं. आणि गाय?"

"गाय ही एक सर्वसाधारण गाय आहे."

"सगळ्यांचं खाऊन झाल्याशिवाय ही जागची हलत नाही. हे कुणी शिकवलं तिला?"

"ते शिकवावं लागत नाही गं. गायी असतातच तशा."

"कुठे बघितल्यात?"

"घरातच की," हे बोलून गेले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

मला रागावताही येईना. इतकी वर्षं मी ह्या समजुतीत होते की ह्या माणसाचं घरात लक्षच नसतं. लक्ष होतं. मान वळवून बघणं, उसासा टाकणं, नाकाने ढकलत नेणं, एकूण एक टिपलेलं होतं. सगळं बघत होता बिचारा, बसल्या जागेवरून.

"कसली कुजबुज चाललीय?" सासूबाई उठून आल्या आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावल्या. त्यांना चष्मा लागत नाही. "अगंबाई, हा तर आपला धाकटा! कसा गेला बघ भिंतीतून. आणि हा बसलाय तो तू."

"आई, तो बैल आहे."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

मी ओठ घट्ट मिटून धरले.

"आणि हा मेला सारखा भुंकतोय तो कोण?"

आम्ही दोघांनी एकदम छताकडे बघितलं. "वरच्या मजल्यावरचे आहेत," मी म्हणाले.

"तरीच. परक्यांशी गोडीगुलाबी आणि घरच्यांवर तोंड. असल्यांच्या घरात राहायचं म्हणजे शिक्षा आहे." सासूबाईंनी मान हलवली. "आणि तो कप किती वेळ तसाच पडलाय टेबलावर? कुणाला दिसतो का नाही? का मीच उचलू ह्या वयात?"

उपाय सरळ होता, आणि तो मी सरळच सांगितला. गायीत काहीही बिघडलेलं नाही. बैलाला उठवा. त्याने आपलं आपण घेऊन खावं, भांडं जागच्या जागी ठेवावं, की ती जाईल.

"पण बैलावर एकही तक्रार नाही!" हे जवळजवळ ओरडले.

"बसलेल्यावर कोण तक्रार करणार?"

"अगं, चालू असलेल्या गोष्टीला कुणी हात लावतं का? त्यापेक्षा असं करू. आणखी एक गाय आणू. ही चरायला गेली की ती बैलाचं बघेल."

मी कंट्रोलर खाली ठेवला. नुसतं बघितलं. ते त्यांनी ओळखलं असावं, कारण दुसऱ्या गायीचा विषय तिथेच मिटला.

गुरुवारी दुपारपर्यंत हे बैलाशी झगडत होते. बैल उठायचा, आणि उठून तसाच उभा राहायचा. पुढे काय, हे त्याला माहीत नव्हतं, कारण ते ह्यांना माहीत नव्हतं. शेवटी हे खुर्चीत मागे रेलले. चेहरा पार्किंगच्या दिवसांसारखा झाला होता.

"मला नाही जमायचं हे," ते हळूच म्हणाले. "खोटं नाही सांगत. बैल उठून स्वतःचं वाढून घेतो, हे मी कधी बघितलेलंच नाही. लिहू काय?"

"मग बघा," मी म्हणाले. "उठा. मी बसते तुमच्या जागी. भूक लागली असेल ना? घ्या वाढून. आणि डोळे उघडे ठेवा."

"आत्ता?"

"उद्या शुक्रवार आहे."

ते स्वयंपाकघरात गेले. पहिलं कपाट उघडलं. त्यात जुने बल्ब होते. त्या बल्बांपुढे बराच वेळ उभे राहिले, जणू ते शिजवता येतील का ह्याचा विचार करत होते. दुसऱ्यात रद्दी निघाली. तिसऱ्यात मी स्वतःसाठी लपवलेली बिस्किटं निघाली. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, मी स्क्रीनकडे बघितलं. उघडलेलं एकही दार त्यांनी लावलं नाही.

"ताटं कुठे असतात गं?"

"बैलाला बोलता येत नाही."

पुन्हा दारं. शेवटी ताटाऐवजी एक झाकण सापडलं, त्यावर त्यांनी भात घेतला. भाजी गरम करायला ठेवली आणि पातेल्याला हात लावून बघितला, ते गरम झालंय का म्हणून. झालं होतं. उभ्या उभ्या जेवले. मग ते झाकण हातात धरून घरभर फिरले, कारण खाल्ल्यानंतर भांड्याचं पुढे काय होतं, हा त्यांच्या संशोधनातला कोरा भाग होता. अखेर सिंकपाशी गेले आणि एवढा साबण ओतला की सासूबाई फेस बघायला आल्या.

"हे तू रोज करतेस?" हे भिजलेल्या बाह्यांनी बाहेर आले.

"नाही. मी दारं लावते."

ते जाऊन लिहायला बसले, पोळलेलं बोट तोंडात धरून. मी उठून सगळी दारं लावली, आणि लावता लावता स्वतःलाच शिवी दिली.

शुक्रवारी मंडळी जमली. स्क्रीनवर चौकोनाचौकोनांत माणसं, एका कोपऱ्यात तारीखबाई, एका कोपऱ्यात आमचे हे, टेबलाखाली माझा हात घट्ट धरून. कुणीतरी गेम सुरू केला. सकाळ झाली. फाटक उघडलं. गाय फाटकात जाऊन उभी राहिली आणि मान वळवली. तारीखबाईंचा जबडा आवळलेला मला इथून दिसला.

मग बैल उठला.

बैल कोंबड्यांच्या खुराड्यापाशी गेला, दार उघडलं, आत बघत उभा राहिला. दार तसंच टाकून अवजारांच्या खोलीत गेला. कुदळीपुढे उभा राहिला. मग मालकाच्या घरात शिरला आणि मालकाचं कपाट उघडलं. तोवर कोंबड्या सगळीकडे झाल्या होत्या. कुत्रा बैलावर भुंकत होता, बोकड चाऱ्याच्या आशेने भिंतीतून अर्धा बाहेर आला होता आणि अंदाज घेत होता. अखेर बैलाला चारा सापडला. त्याने तो उभ्या उभ्या खाल्ला, रिकामं टोपलं तोंडात धरून शेतभर हिंडला आणि शेवटी विहिरीत टाकलं.

गायीने हे सगळं शेवटपर्यंत बघितलं. मग वळली आणि चालायला लागली. फाटकातून बाहेर, गवतातून, पुढे.

मग चौकोनांतला एक जाडसा माणूस हसायला लागला, आणि त्याचं हसू चौकोनाचौकोनांत पसरलं.

"बैल! काय बैल आहे! स्वतःचं स्वतः करतोय हो, बिचारा!"

"हे मुद्दाम केलंय," तारीखबाई एका श्वासात म्हणाल्या. "सुरुवातीपासून तीच आमची कल्पना होती."

"ह्याला पोस्टरवर घ्या. धडपडतोय, पण करतोय! डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

गायीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जिने जन्मभर सगळ्यांना चारा ढकलला ती चरायला गेली, आणि एकदा, फक्त एकदा, ज्याने स्वतःचं वाढून घेतलं आणि टोपलं विहिरीत घातलं, तो पोस्टरवर गेला. सासूबाईंनी फोन करून सगळ्या मावश्यांना कळवलं की आमचा मुलगा पोस्टरवर येतोय.

पण मशीन आलं नाही. ह्यांचं काम राहिलं. मी तेवढ्यावर खूश होते, खोटं कशाला बोलू.

सोमवारी तारीखबाई पुन्हा स्क्रीनवर आल्या. "सगळे खूश आहेत. तुम्हाला कायमचं घ्यायचं असं वरती बोलणं झालंय. फक्त एक बारीकसा बग राहिलाय. गाय संध्याकाळी परत येत नाही."

"परत येत नाही म्हणजे?"

"म्हणजे जाते ती जातेच. नकाशाच्या पार टोकाला, टेकडीवर जाऊन बसते. दूध आहे अंगावर, पण टेकडीवर कोण काढणार? ह्या शुक्रवारपर्यंत ती घरी यायला हवी. नाहीतर मशीनचा विषय परत निघेल, आणि तुमच्या कागदावर सही व्हायची ती राहील."

स्क्रीन बंद झाली. हे बराच वेळ कपाळ चोळत बसले.

"परत येणं मी लिहिलंच नाही," ते म्हणाले.

"का?"

"तू कुठे जातच नाहीस. तर परत कशी येतेस, ते मी बघणार कधी?" मग अगदी साहेबांकडे सुट्टी मागावी तशा आवाजात, "तू जरा बाहेर जाऊन ये ना. माझ्यासाठी."

मी केस विंचरले, चांगले बूट घातले.

"कुठे निघालीस?" सासूबाई.

"ह्यांच्या ऑफिसच्या कामाला."

आम्ही निघालो. मी पुढे, आणि हे दहाएक पावलं मागे, उघडा लॅपटॉप हातावर धरून, एखाद्या वेटरसारखे. "माझ्याकडे बघू नकोस," मागून आवाज आला. "नैसर्गिक वाग." किराणा दुकानाशी मी सवयीने थांबले. काही घ्यायचं नव्हतं, म्हणून पुढे गेले. शाळा मागे पडली. बँक मागे पडली. एका खिडकीत लाल रंगाची छत्री होती, ती मी उगाचच उभी राहून बघितली. हे दिव्याच्या खांबाआड उभे राहून टाइप करत होते. एका बाईने मला हळूच विचारलं, "तो माणूस तुमचा पाठलाग करतोय का?" मी म्हटलं, "हो, पण बरीच वर्षं उशिरा. त्याची कायमची नोकरी माझ्यावर अवलंबून आहे."

चौकात आले आणि थांबले. डावीकडचा रस्ता वळून आमच्याच घराकडे जातो.

हे जवळ आले. दम लागला होता. "आता," ते कुजबुजले. "हाच तो क्षण. आता गाय वळते. मला फक्त एवढं सांग, ती का वळते? अंधार पडला म्हणून? भूक लागली म्हणून? त्यांचं काय झालं असेल असं वाटलं म्हणून? एक कारण दे, मी आजच्या आज लिहून टाकतो."

मला त्यांची दया आली. खरंच आली. कायमची नोकरी म्हणजे काय, ते मला त्या खिडकीतल्या दिवसांपासून कळत होतं. म्हणून मी चौकात उभी राहून अगदी मनापासून विचार केला. डावीकडे बघितलं, आणि वळावंसं वाटतंय का ते स्वतःला विचारलं. दुधाचं काय, कपड्यांचं काय, आईंच्या चहाचं काय, सगळं एकेक करून आठवून बघितलं. एवढं सगळं आठवलं, तरी पाय काही डावीकडे पडेना.

सिग्नल हिरवा झाला. मी सरळ निघाले.

"अगं, तिकडे काय आहे?"

"माहीत नाही. मीही बघितलेलं नाही."

"आणि मॅडमना काय सांगू?"

"सांगा, निरीक्षण चालू आहे," मी म्हणाले. "आणि चला लवकर, लाल व्हायच्या आत."